पाणी नक्की कोण अडवतं?

सिंकखालच्या कपाटात डोकं आणि एक खांदा घालून उताणं पडलं की डोळ्यांचं काम संपतं आणि बोटांचं सुरू होतं. वर सिंकचं पोट, बाजूला वेस्ट पाईप, मागे भिंत आणि मधल्या वीतभर जागेत तो नट. अशा ठिकाणी हाताला एकच गोष्ट सुचते: अजून थोडं आवळ. स्वयंपाकघरातल्या नळाच्या कामात सगळ्यात महागात पडते ती हीच सवय. सैल राहिलेला नट तुम्ही तिथे असतानाच गळतो, पुसून पुन्हा आवळता येतो. जास्त आवळलेला नट मात्र तुमच्यादेखत शहाण्यासारखा कोरडा राहतो आणि काही आठवड्यांनी, घरात कोणी नसताना, चिरतो. तेव्हा थेंब पडत नाही, धार लागते.

म्हणून पाना लावण्याआधी स्वतःला विचारायचं, या जोडात पाणी नक्की कोण अडवणार आहे? आटे, टेप, रबर, की घासून आरशासारख्या केलेल्या दोन चकत्या? एका साध्या सिंक मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळात, याची चार ठिकाणी चार उत्तरं असतात, आणि हाताचा जोरही त्या त्या उत्तराप्रमाणे बदलतो.

आट्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्यांच्याबद्दलच आहेत. आपण ज्याला अर्धा इंची म्हणतो त्या आट्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी भरतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि हे माप त्या फिटिंगवर कुठेही पट्टी लावून सापडत नाही. हे नाव जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून आलं आणि चिकटून राहिलं. इंचाला १४ आटे आणि ५५ अंशांचा कोन. हा कोन जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेल्या मापांतून आलेला. अमेरिकी अर्धा इंची आट्यातही इंचाला १४च आटे असतात, पण कोन ६० अंशांचा आणि अंगाला उतार. म्हणून तो आपल्या फिटिंगमध्ये सुरुवातीला छान जातो, दोन-तीन वेढे हातानं फिरतो आणि मग अडतो. अडला म्हणजे घट्ट बसला असं वाटतं, तिथेच फसगत होते. कोन जुळत नसल्यामुळे आट्यांच्या कुशीत पोकळी राहते, आणि तिथे टेपचं अख्खं रीळ गुंडाळलं तरी भरवसा नाही. बाहेरून मागवलेला नळ बसवताना हातानंच तीन वेढे फिरवून पाहा. मध्येच चावल्यासारखं झालं तर पान्याला हात लावू नका, योग्य ॲडॅप्टर शोधा.

नळावरचे आटे बहुतेक सरळ असतात, आणि सरळ आटे पाणी अडवत नाहीत, ते फक्त ओढून धरतात. नर आणि मादी आट्यांच्या मधे एक वळसेदार फट राहतेच, पाण्यासाठी तो गोल जिनाच. एकतर आटा टेपनं किंवा तागानं भरून हा जिना बुजवायचा, नाहीतर त्याच्या तोंडाशी सपाट वॉशर दाबून दार बंद करायचं. दोन्ही एकाच जागी कधीच नाही. कनेक्शन पाइपाच्या नटात रबरी वॉशर असताना अँगल कॉकच्या, म्हणजे सिंकखाली भिंतीतल्या पाण्याची वाट बंद करणाऱ्या छोट्या कॉकच्या, आट्यावर टेप गुंडाळलेली पदोपदी दिसते. त्यानं सुरक्षितता वाढत नाही, उलट वॉशर तोंडावर नीट बसायच्या आधीच नट टेपमध्ये जड व्हायला लागतो. हाताला वाटतं आवळला, आणि वॉशर अजून अर्धवटच दबलेला असतो. अशा जोडाची टेप काढून टाकली की निम्म्या वेळा गळती आपोआप थांबते.

जिथे टेपच लागते तिथे मात्र ती मनापासून लावावी. आधी कोरडी जुळणी करायची. फिटिंग टेपशिवाय हातानं फिरवून बघायचं. पूर्ण आत सैलपणे गेलं तर वेढे जास्त लागणार, अर्ध्यावर आवळलं तर कमी. नेहमीच्या पातळ, १२ मिमी रुंद टेपचे अर्धा इंची सरळ आट्याला साधारण १० ते १२ वेढे होतात. जाड टेप असेल तर त्याच्या निम्म्यानं भागतं. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, म्हणजे फिटिंग आवळताना टेपही आवळली जाते. उलट गुंडाळली तर ती सालीसारखी उलगडत बाहेर येते. पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपच्या चिंध्या पाण्याबरोबर थेट कार्ट्रिजमध्ये, नळातल्या पाणी चालू-बंद करणाऱ्या भागात, जाऊन बसतात. गुंडाळताना इतकं ताणायचं की टेपच्या अंगावर आट्यांची नक्षी उमटली पाहिजे. क्रोम चढवलेल्या गुळगुळीत आट्यावर टेप घसरते आणि एका बाजूला गोळा होते. तिथे आधी हॅकसॉच्या पात्यानं आट्यांच्या माथ्यावर हलके आडवे ओरखडे काढायचे, टेपला धरायला काहीतरी मिळतं.

टेप लावलेला जोड मागे फिरवायचा नसतो. पाव वेढाही नाही. पुढे जाताना टेप दबून पोकळीत भरलेली असते, मागे आलं की ती जागा सोडते आणि पुन्हा भरत नाही. ताग या बाबतीत थोडा क्षमाशील असतो, पाण्यात फुगतो, म्हणून किंचित मागेपुढे खपून जातं. टेपला खपत नाही.

हा नियम सगळ्यात जास्त छळतो तो भिंतीवरच्या मिक्सरला. त्याच्या दोन इनलेटमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी, आणि भिंतीतले दोन एल्बो (काटकोनी जोड) नेमके तितक्याच अंतरावर, एका पातळीत निघतील ही अपेक्षा फार मोठी. फरक भरून काढायला वाकडे लेग दिलेले असतात, एका टोकाला अर्धा इंच, दुसऱ्याला पाऊण इंच, आणि दोन्हींचे मध्य एकमेकांपासून थोडे सरकलेले. लेग फिरवला की टोक एका छोट्या वर्तुळात फिरतं, त्यातून अंतरही साधतं आणि पातळीही. पण हेच फिरवणं टेपच्या नियमाशी भांडतं. म्हणून दोन्ही लेग आधी कोरडे बसवायचे, त्यावर मिक्सर धरून पाहायचा, वर लेव्हल ठेवायची, मग प्रत्येक लेग कितव्या वेढ्याला आणि कोणत्या कोनात थांबला ते मार्करनं भिंतीवर आणि लेगवर खूण करून ठेवायचं. टेप लावून पुन्हा बसवताना त्या खुणेच्या थोडं आधी हात जड झाला पाहिजे आणि खुणेवर थांबला पाहिजे. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे येऊ नका. हात अजून हलका असेल तर आणखी एक पूर्ण वेढा घ्या, नसेल तर काढा, जुनी टेप खरवडा आणि नव्यानं लावा. यात पाच मिनिटं जातात. मिक्सरचे पाऊण इंची नट मात्र सपाट वॉशरवर बसतात, तिथे टेप नको. त्या नटांवर दातेरी पकड कधीच नाही, सपाट जबड्याचा पाना घ्यायचा आणि मधे कापडाची घडी ठेवायची. दिसणाऱ्या नटावरचे दातांचे व्रण ही कायमची सही असते, आणि ती कोणाची हे सगळ्यांना कळतं.

भिंतीतला एल्बो सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा, असेल तर जोर आणखी जपून. आत पितळेची आटेदार नळी आणि बाहेर प्लास्टिक अशी त्याची रचना असते. जास्त वेढ्यांची टेप आणि लांब दांड्याचा पाना एकत्र आले की नर आटा पाचरीसारखा वागतो आणि एल्बोचं अंग आतून बाहेर ताणतो. प्लास्टिक तो ताण लगेच दाखवत नाही, धरून ठेवतं. मग गरम पाण्यानं रोज थोडं पसरत, थोडं आकसत, एक दिवस केसाएवढी चीर पडते, तीही टाइलच्या मागे. एल्बो टाइलच्या खूप आत गेला असेल तर एक्स्टेन्शन निपल लागतो, पण एकाच लांबीचा एक. दोन छोटे एकापुढे एक जोडणं म्हणजे भिंतीत एक जास्तीचा जोड गाडणं. टाइल लावायच्या आधीच एल्बोंना प्लग लावून दाबाची चाचणी घेतलेली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

सिंकवर किंवा ओट्यावर उभा राहणारा सिंगल लिव्हर मिक्सर तुलनेनं सोपा. ३५ मिमीचं भोक, खालून घोड्याच्या नालासारखी प्लेट, रबर, एक किंवा दोन आटेदार सळ्या आणि नट. दगडाला भोक पाडताना डायमंड कोअर बिट, सतत पाणी आणि कमी जोर. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये हात आणखी हलका ठेवायचा, नाहीतर खालच्या बाजूनं टवका उडतो. स्टीलचं सिंक पातळ असेल तर नळ कितीही आवळला तरी डुलतो. दोष नटाचा नसतो, पत्राच लवतो. तिथे खालून आधाराची प्लेट द्यायची. कंपनीनं दिलेली नसेल तर पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा भोक पाडलेला तुकडाही चालतो. डुलणाऱ्या नळाचा बुडाचा ओ-रिंग (रबरी कडी) रोज घासला जातो आणि पाणी सळईवरून खाली उतरायला लागतं.

कनेक्शन पाइप नळाला लावायचे ते नळ भोकात उतरवायच्या आधी. या दोन पाइपांची वरची टोकं बारकाईनं पाहा, एकाची षट्कोनी मान आखूड असते, दुसऱ्याची लांब. ही चूक नाही. नळाच्या बुडाशी दोन्ही भोकं इतकी लागून असतात की सारख्या मानेचे दोन नट शेजारी बसले असते तर पाना फिरवायला जागाच उरली नसती. आखूड आधी बसवायचा, मग लांब. आटा बारीक, १० मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचचा, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांत १ मिमी अंतर. इथे पाणी अडवतो तो टोकाचा इवलासा ओ-रिंग. त्यामुळे टेप नको, पकड नको. हातानं शेवटपर्यंत फिरवायचं आणि छोट्या पान्यानं फार तर पाव वेढा. जास्त दिला तर ओ-रिंग चेपून कडेला फाटतो किंवा पितळेची बारीक मान तुटून नळाच्या आत अडकते, आणि मग तो तुकडा काढण्यात उरलेली दुपार जाते.

खालच्या टोकाला अँगल कॉकवर नट हातानं घट्ट करून वर पाव ते अर्धा वेढा पुरतो. आवळताना दुसऱ्या हातानं पाईप धरून ठेवायचा. पाइपाला पीळ पडला तर वरची स्टीलची जाळी सतत ताणाखाली राहते. पाईप तंग नको, मानेपाशी काटकोनात मोडलेला तर नकोच, सैलशी कमान हवी. सिंकखाली ब्लीच किंवा ॲसिडची बाटली ठेवायची सवय जवळपास सगळ्यांना असते. बंद कपाटात त्यातून निघणारी वाफ स्टीलच्या जाळीला खाते, एकेक तार तुटते, आणि आतला रबरी पाईप उघडा पडून फुगतो. जाळीवर तांबूस ठिपके किंवा एखादी उभी राहिलेली तार दिसली तर पाईप बदला आणि बाटलीची जागाही बदलायला सांगा.

आता पाणी सोडायचं, पण नळातून नाही. आधी अँगल कॉक बादलीत उघडून दोन्ही लाइन धुऊन घ्यायच्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नव्या लाइनीतून वाळू, सीपीव्हीसीचा भुसा, सिमेंटची कणी, टेपच्या चिंध्या हमखास येतात. मग पाईप जोडायचे, तोंडावरची एअरेटरची जाळी काढून ठेवायची, लिव्हर पूर्ण उघडून गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी मिनिटभर पाणी जाऊ द्यायचं आणि त्यानंतरच जाळी बसवायची.

या धुण्याचं महत्त्व कार्ट्रिज उघडून पाहिला की पटतं. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, एक स्थिर आणि एक लिव्हरबरोबर सरकणारी. त्यांचे पृष्ठभाग इतके सपाट घासलेले असतात की पाणी मधे शिरत नाही, तिथे वॉशर लागतच नाही. वाळूनं चकत्या घासल्या जातात असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. सिरॅमिक म्हणजे मुख्यतः ॲल्युमिना, मोहस् मापावर त्याचा कठीणपणा ९, वाळूतल्या क्वार्ट्झचा ७. मऊ पदार्थ कठीण पदार्थाला सहजी ओरखडत नाही. खरा घात होतो तो चकतीखालच्या रबरी सीलचा. कणी तिथे रुतते, रबराला खाच पडते आणि नळ थेंबथेंब गळायला लागतो. किंवा कणी दोन चकत्यांच्या मधे येऊन त्यांना जरा उचलून धरते आणि लिव्हर करकरतो. दर सेकंदाला एक थेंब, आणि थेंब ०.१ मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाला साडेआठ लिटरच्या वर पाणी जातं.

कार्ट्रिज बदलताना आधी दोन्ही अँगल कॉक बंद, लिव्हर उघडून दाब उतरवायचा, सिंकचं भोक कापडानं झाकायचं. त्या भोकातून गेलेला छोटा ग्रब स्क्रू परत मिळत नाही. लाल-निळी टोपी नखानं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं काढली की आत तो स्क्रू दिसतो, बहुधा २.५ मिमीच्या ॲलन कीचा. तो पूर्ण काढायची गरज नाही, सैल केला की लिव्हर वर येतो. वरची घुमटी हातानं सुटते, त्याखाली पितळेचा नट. तो सुटला आणि कार्ट्रिज तरीही क्षारांनी धरून बसला असेल तर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, पितळेच्या बैठकीला ओरखडा पडला की नवा कार्ट्रिजही गळणार. वर जाड कापड धरून एक अँगल कॉक अगदी हळू किंचित उघडायचा, पाणीच त्याला वर ढकलतं.

जुना कार्ट्रिज हातात ठेवूनच नवा घ्यायचा. ३५ आणि ४० मिमी हे दोन व्यास सर्रास मिळतात, पण नुसता व्यास जुळून भागत नाही. बुडाच्या दोन खुंट्या, बुडाची उंची, वरच्या दांड्याची लांबी, सगळं शेजारी ठेवून पाहायचं. बैठक बोटानं चाचपायची, क्षार पुसायचे, खुंट्या खाचेत बसल्याची खात्री करायची. आणि नट. इथे नट पाणी अडवत नाही, तो फक्त कार्ट्रिजला खालच्या सीलवर दाबून धरतो. ३५ मिमीच्या कार्ट्रिजला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे १५ सेंटिमीटर दांड्याच्या पान्याच्या टोकाला सुमारे सहा किलोंचा जोर. कंपनीच्या कागदावर आकडा असेल तर तोच प्रमाण. जास्त झालं की लिव्हर जड होतो, घरातली माणसं तो हिसक्यानं चालवतात आणि प्लास्टिकचा दांडा झिजतो. लिव्हर जड लागला तर नट अष्टमांश वेढा सैल करून पाहावा, नवा कार्ट्रिज आणण्याआधी.

हिसक्याची दुसरी बाजू म्हणजे दणका. लिव्हर झटक्यात खाली मारला की पाइपातलं धावतं पाणी एकदम थांबतं आणि दाबाची लाट उलटी धावते. निकोलाय झुकोव्हस्कीनं १८९८ मध्ये मॉस्कोत याचं गणित मांडलं: धातूच्या ताठ पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी अचानक अडवलं तर दाब सुमारे १२ बारनं उसळतो. प्लास्टिकच्या पाइपात लाट सावकाश जाते, त्यामुळे उसळीही कमी. भिंतीत ‘धप्’ आवाज येत असेल तर पाइपाचे क्लॅम्प तपासा, लाइनीचा दाब पाहा. अँगल कॉक थोडा बंद करून प्रवाह कमी केला तर आवाज मवाळ होतो.

उलट तक्रार टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्यांची. १० मीटर उंचीला जेमतेम १ बार मिळतो. टाकी नळापासून ३ मीटरच वर असेल तर ०.३ बार, आणि बऱ्याच सिंगल लिव्हर मिक्सरना किमान ०.५ बार लागतो. तिथे नळ बदलून, कार्ट्रिज बदलून काही होत नाही, बूस्टर पंप किंवा मोठ्या वाटेचा साधा नळ हेच उपाय. हे नळ विकत घ्यायच्या आधी सांगितलेलं बरं असतं.

ओढून बाहेर येणाऱ्या शॉवरच्या नळाला दोन गोष्टी जास्तीच्या. पाइपाला लावायचं वजन खुणेवरच लावा आणि त्याच्या वाटेत अँगल कॉक किंवा वेस्ट पाईप येत नाही ना ते शॉवर दहादा ओढून पाहा. दुसरं, हे तोंड सिंकमधल्या खरकट्या पाण्यात बुडू शकतं. तेव्हा लाइनीचं पाणी बंद पडलं तर तेच पाणी उलटं ओढलं जाईल, म्हणून आतला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह फेकून देण्याची वस्तू नाही. ‘प्रवाह वाढतो’ म्हणून तो काढणारे आहेत, त्यांनी तसं करू नये. गरम आणि थंड लाइनींचे दाब वेगळे असतील तर नॉन रिटर्नशिवाय एक लाइन दुसरीत घुसते आणि घरातल्या भलत्याच नळाला कोमट पाणी येतं. सिंकखालचा गरमचा अँगल कॉक बंद करून पाहा, कोमटपणा गेला तर वाट याच मिक्सरमधून आहे.

गळती कुठून, हे ओळखण्यात खरी कसरत. पाणी पाइपावरून घरंगळतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं, त्यामुळे बिचारा खालचा नट उगाच आवळला जातो. सगळं कोरडं पुसा आणि वरून खाली प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. नळ बंद, अँगल कॉक उघडे, १५ मिनिटं. पहिली ओली होणारी पट्टी खरं बोलते. नळ चालू असतानाच मानेच्या बुडाशी पाणी येत असेल तर फिरणाऱ्या तोटीचे ओ-रिंग गेले. लिव्हरखालून येत असेल तर कार्ट्रिज किंवा त्याचा नट. बंद केल्यावर उंच हंसमानेच्या तोंडातून काही थेंब पडून थांबत असतील तर ती गळतीच नाही, मानेत राहिलेलं पाणी आहे. मिनिटभर थांबून बघायचं.

ओ-रिंग बसवताना सिलिकॉन ग्रीस लावावं. व्हॅसलीन किंवा तेल नको, नळातलं रबर बहुधा ईपीडीएम असतं, ते खनिज तेलानं फुगतं आणि महिन्याभरात तोटी फिरेनाशी होते. जाळीवरचे क्षार व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास भिजवून निघतात. टॉयलेट साफ करायचं ॲसिड नळाजवळही नको, नळावरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्या पाव-अर्ध्याएवढाच असतो, खालच्या निकेलपर्यंत ॲसिड पोचायला वेळ लागत नाही.

राहिले अँगल कॉक, ज्यांच्याकडे लक्ष जातं ते अडचण आल्यावरच. वर्षातून दोनदा पूर्ण बंद करून पूर्ण उघडायचे, म्हणजे क्षार धरत नाहीत. जुन्या, चाकीवाल्या कॉकची चाकी फिरवल्यावर दांड्यापाशी ओल दिसली तर दांड्याभोवतीचा ग्लँड नट अष्टमांश वेढा आवळायचा, चाकी हातानं फिरती राहिली पाहिजे. तरीही ओल थांबली नाही तर आतलं पॅकिंग बदलायला झालं आहे. त्यासाठी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, म्हणून तो कुठे आहे आणि खरंच बंद होतो का, हे आजच पाहून ठेवायचं.